यसूचं अंगण

सावरघळच्या वरच्या आळीत घरं इतकी चिकटून आहेत, की एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या ओट्यावर पडतात. त्याच आळीत मधोमध एका घराएवढी जागा रिकामी आहे. तिथे कोणी घर बांधत नाही, गुरं बांधत नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं, की गावची म्हातारी माणसं सांगतात.

फार मागे आळीच्या माथ्यावर एक बेहडा होता म्हणे, चौघांच्या कवेत न मावणारा. एका पावसाळ्यात दरड खचली, मुळं उघडी पडली आणि झाड घरांवर कललं. सरीगणिक थोडं आणखी वाकायचं. खाली चूल पेटवायलाही बायका भ्यायच्या.

गावात खेमजी नावाचा लाकूडतोड्या होता. झाड आपसूक पडलं तर निम्मी आळी चिरडणार, हे त्याला दिसत होतं. पाडायला मोकळी जागा एकच, त्याचं स्वतःचं अंगण. त्याने बायकोकडे, यसूकडे पाहिलं.

ती म्हणाली, "जाईल तर गोठा जाईल. पुन्हा उभारू. पाडा तुम्ही."

खेमजीने घाई केली नाही. घरांच्या बाजूच्या फांद्या एकेक करून दोराने खाली सोडल्या. शेंड्याचा दोर वरच्या कातळाला ताणून बांधला, झाड घरांवर जाऊ नये म्हणून. अंगणाच्या बाजूने बुंध्यात खाच घेतली. आता मागून घाव घालायचे आणि मधे थोडं लाकूड राखायचं, दाराच्या बिजागरीसारखं, म्हणजे झाड त्यावर वळून अंगणात पडेल. गाव टेकाडावर जाऊन उभा राहिला.

"खाली कोणी राहिलं का रे?" खेमजीने विचारलं.

"कोणी नाही!" सगळे एका सुरात ओरडले.

त्याने घाव घातले. लाकूड कडकडलं, झाड वळू लागलं. तेवढ्यात त्याची शेळी गोठ्यातून धावत बाहेर आली. तिच्या गळ्यात दावं नव्हतं. कोणीतरी सोडलं होतं.

"यसू!"

"ओ!" गोठ्यातून आवाज आला.

असं सांगतात, की झाड अगदी हवं तिथेच पडलं. कोणाच्या घराचं एक कौलही फुटलं नाही. टेकाडावर लोकांनी आनंदाने आरोळी ठोकली. खेमजी नुसत्या हातांनी फांद्या उपसू लागला, तेव्हा कुठे ती आरोळी विरली.

"आम्हांला वाटलं, ती तुझ्यापाशी आहे," बायका रडत म्हणाल्या.

खेमजीने कोणाला बोल लावला नाही. गावाने गोठा बांधून देऊ केला, त्याने नको म्हटलं; ती जागा तशीच रिकामी राहिली. कुऱ्हाड पुन्हा हातात धरली नाही. पण कुठेही झाड पाडायचं असलं, की तो येऊन उभा राहायचा आणि घरोघरच्या माणसांना नावानिशी हाक मारायचा. प्रत्येकाची ओ येईतो कोणाला घाव घालू द्यायचा नाही. सगळ्यांची नावं संपली, की आणखी एक हाक मारायचा. ती ऐकायला लागू नये म्हणून लोक कानांवर हात ठेवायचे.

खेमजी गेल्यालाही कित्येक पिढ्या लोटल्या. आजही सावरघळला झाड तोडण्याआधी सगळ्यांना नावानिशी हाक मारतात. सर्वांत शेवटी हाक जाते, "यसू!" मग सारा गाव गप्प उभा राहतो. ओ येत नाही. तरीही थोडं थांबतात, आणि मगच कुऱ्हाड उचलतात.