चाळिशी कुणाला लागली?

राजा गर्जनसेनाच्या राज्यात चाळीस वर्षांची एकही बाई नव्हती.

तिशीतल्या हव्या तेवढ्या होत्या. दात पडलेल्या आज्याही होत्या. मधलं कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच मंदाकिनी वैदीण नाकावर चाळिशी चढवून आपल्या डेऱ्यात माश्या मारत बसली होती.

दूरदेशी वैद्यकी शिकून ती आली होती. बाईच्या छातीतली गाठ तिची तिला कळण्याआधी शोधायची, हे तिचं काम. "गाठ हाताला लागली तर कुठल्याही वयात धावत या," तिनं सांगितलं होतं. "पण काहीच होत नसलं, तरी चाळिशीपासून दरवर्षी दाखवायचं. लवकर सापडली तर बाई वाचते." राजानं तशी दवंडी पिटवली. डेऱ्यात चिटपाखरूही फिरकलं नाही.

"तीस करून पाहू," प्रधान म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी एकोणतीसच्या झाल्या.

"मग पन्नास करा," सेनापती म्हणाले.

"तोवर गाठ लिंबाएवढी होईल," वैदीण म्हणाली.

राजा वैतागून राणी मदनावतीकडे वळला. "राणीसाहेब, तुमच्यापासूनच सुरुवात करू. तुमचं वय किती?"

राणीनं असं काही पाहिलं, की राजानं दोन्ही हातांनी मुकुट घट्ट धरला.

"आजपासून," तो घाईघाईनं म्हणाला, "माझ्या राज्यात बाईला वय विचारायचं नाही. अंदाज बांधायचा नाही. ओढून आणायचं नाही. आणि तरीही उद्या संध्याकाळच्या आत चाळिशीच्या बाया डेऱ्यात दिसल्या पाहिजेत. नाहीतर डेरा गुंडाळा."

"पण महाराज, हे जमायचं कसं?" प्रधानांनी विचारलं.

"ते मला काय माहीत? मी राजा आहे."

कोपऱ्यात राजाच्या अंगरख्याला बंद लावत बसलेल्या ठकूचा टाका चुकला. ठकू शिंप्याची मुलगी. तिची आई अशाच एका गाठीनं गेली होती. उशिरा कळली होती. तिला वाढवलं बयजाआत्यानं. ठकू रांगत होती तेव्हा आत्या चौतीस वर्षांची होती. ठकू लग्नाची झाली, तरी आत्या चौतीसचीच. डेरा उठला, तर आत्या कधीच दाखवणार नव्हती.

"मी आणते बाया," ठकू म्हणाली. "वय हा शब्द तोंडातून काढणार नाही. मला फक्त सुया द्या. बारीक नेढ्याच्या."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं डेऱ्यासमोर कोरं कापड पसरलं. डेऱ्याला पडदा शिवायचा होता. गावातल्या प्रत्येक बाईनं एक टाका घालायचा, गूळखोबरं घ्यायचं, घरी जायचं. अट एकच, दोरा आपला आपण ओवायचा.

पोरीबाळी पटापट टाके घालून गेल्या. मग आली तेलीण. तिनं सुई हातभर लांब धरली, डोळे बारीक केले, दोऱ्याला थुंकी लावली. "उजेडच नाही गं इथं."

डोक्यावर सूर्य तापला होता.

"खरंय मावशी," ठकू म्हणाली. "डेऱ्यात उजेड जास्त आहे. आत जाऊन ओवा."

कुंभारणीच्या सुईला म्हणे नेढंच नव्हतं. "आतली सुई घ्या, काकू." सावकारीण म्हणाली, दोराच जाडा आहे. तीही आत गेली. शेवटी खुद्द राणीसाहेब सुई लांब धरत धरत मागे सरकल्या आणि थेट डेऱ्याच्या दारात पोचल्या.

आत वैदीण सगळं नीट समजावून विचारायची, "तपासू का?"

"वय विचारणार नाही ना? मग तपासा बाई."

तेवढ्यात बयजाआत्या आली. तिनं सुई घेतली, डोळे मिटले, दोरा जिभेवर फिरवला आणि नुसत्या बोटांच्या अंदाजानं एका फटक्यात ओवला.

"मला शिकवतेस होय गं? शिंप्याच्या घरची आहे मी."

जिच्यासाठी एवढा घाट घातला, तीच निसटत होती.

"आत्या," ठकू हळूच म्हणाली, "आत राणीसाहेबांना दोरा ओवता येईना. तूच दे ना ओवून. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

आत्या मानेला झटका देऊन आत गेली. राणीसाहेबांनीच दाखवून घेतलं म्हटल्यावर तिनंही दाखवलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "जोंधळ्याएवढी आहे म्हणाली," ती पुटपुटली. "वेळेवर आलीस, बरी होशील म्हणाली."

ठकूनं तिला मिठी मारली.

संध्याकाळी राजानं विचारलं, "ठकू, कायमचा हुकूम काढायचाय. कुठलं वय लिहू?"

"वय नकोच, महाराज. 'चाळिशी लागली की डेऱ्यात या,' एवढंच लिहा. कुणाला राग आलाच, तर म्हणायचं, आम्ही नाकावरच्या चाळिशीबद्दल बोलतोय."

कारकुनानं हुकूम लिहून आणला. राजानं तो जवळ धरला, मग हातभर लांब धरला, मग आणखी लांब धरून मान मागे घेतली.

"दिवाणखान्यात उजेड फार कमी आहे," तो म्हणाला.

"डेऱ्यात जास्त आहे, महाराज," ठकू म्हणाली.

आधी राणीला हसू फुटलं. मग राजा असा खदाखदा हसला, की कालच लावलेले अंगरख्याचे बंद तटातट तुटले. त्यानं वैदिणीला मोठ्या खिडक्यांचं पक्कं घर बांधून दिलं, आणि ठकूला काय हवं ते माग म्हणाला. तिनं आत्यासाठी सोन्याच्या काड्यांची चाळिशी मागितली.

आत्या बरी झाली. चाळिशी ती रोज लावते. शोभेसाठी, असं ती सगळ्यांना सांगते. अजून चौतीसचीच आहे.