आवाज चढवणारी पोर

“पण तिला वर्गात ठेवायचं कशासाठी, बुवा?”

श्रीरंगनं पुन्हा तेच विचारलं. शिवलिंगबुवा तंबोरा पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

श्रीरंग हा बुवांचा सगळ्यांत जुना शिष्य. गळा गोड, मऊ, आणि ते त्याला पुरतं ठाऊक. यंदा बुवांनी नव्या मुलांचा वर्ग त्याच्यावर सोपवला, आणि स्वारीला आभाळ ठेंगणं झालं.

त्या वर्गात वैजयंता होती. चौदा वर्षांची, कोष्टी गल्लीतली. शाळा सुटली की घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि त्यातून वेळ काढून धावत गाण्याला यायचं. बापानं बजावून ठेवलेलं, गाणं जमत नसलं तर शाळासुद्धा बास, मागावर उभी राहा. पोरीचा सगळा जीव त्या एवढ्याशा तासात अडकला होता.

आणि गायची कशी, तर ओरडून. साधा सा लावला तरी शेजारचे डोकावून जायचे. हळू म्हण म्हटलं की घडीभर हळू, मग आपली पुन्हा वर. त्यात श्रीरंग शिकवत असला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची. असा उद्धटपणा त्याला खपत नव्हता.

“घरचं वळणच नाही,” तो म्हणाला. “आमच्याकडे आवाज चढला तर आई नुसती बघायची. तेवढ्यानं आम्ही गार. हिला कुणी कधी सांगितलंच नसणार. उद्यापासून येऊ नको म्हणतो.”

“म्हण की,” बुवा म्हणाले. “पण तिच्या आईबापासमोर म्हण. चल, मीही येतो.”

...

घर कसलं, एक लांबट खोली. तीत मालकाचे विजेवर चालणारे चार माग, आणि उरलेल्या कोपऱ्यात चूल, अंथरुणं, पोरीचं दप्तर. चारही माग धडाधडा चालू होते. दारातच श्रीरंगच्या कानाला दडे बसले.

वैजयंता कोपऱ्यात कांड्या भरत होती. श्रीरंगदादाला दारात बघून ती उठून उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला. दादा कशाला आलेत ते तिला लगेच कळलं.

आई पुढं आली, काहीतरी बोलली. श्रीरंगला ओठ हललेले दिसले, शब्द एक नाही. ती पुन्हा बोलली.

“काय?” तो ओरडला.

तिनं हातानं कपबशीची खूण केली. चहा घेणार का, एवढंच विचारत होती बिचारी.

बापानं माग काही थांबवले नाहीत. थांबवले तर तेवढी मजुरी बुडते. सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यावरची नजर काढून त्यानं श्रीरंगकडे बघितलं, म्हणजे थेट त्याच्या तोंडाकडे. टक लावून. शब्द न् शब्द ओठांवरून उचलायला टपलेला.

वर्गात वैजयंता अशीच तर बघायची.

काय सांगायला आलो होतो ते त्याला आठवत होतं. पण ते इथं सांगायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायला हवं होतं, आणि समोर ती पोर हातातली कांडी घट्ट धरून उभी होती.

“सहज आलो होतो!” तो ओरडला.

मग चहा झाला. बाप त्याच्या घरच्यांची चौकशी करत राहिला, श्रीरंग बापाच्या ओठांकडे बघून प्रश्न ओळखत, ओरडून उत्तरं देत राहिला. बुवा भिंतीला टेकून बसले होते.

...

बाहेर पडून दोघं गल्ली ओलांडून देवळामागच्या वाटेला लागले. तिथं चिटपाखरू नव्हतं. ओट्यावर एक म्हातारा तेवढा डुलक्या घेत होता.

“बुवा, चार माग आहेत हो त्या खोलीत!” श्रीरंग म्हणाला. “माणसं राहतात कशी तिथं?”

म्हातारा दचकून जागा झाला.

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

श्रीरंग गप्प झाला. आपण अजून ओरडतोच आहोत, हे त्याला आत्ता कळलं. कान अजून वाजत होते. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

देऊळ मागं पडलं.

“एक चहा होईपर्यंत बसलो, तर माझी ही गत,” तो शेवटी म्हणाला. आता फार जपून, हळू. “ती तर तिथंच वाढलीय. तिला काढायचं नाही, बुवा. हळू गायला शिकवीन मी तिला, लागेल तितका वेळ लागू दे. तिचा काय दोष?”

एवढं बोलल्यावर त्याला बरं वाटलं. आपलं मन किती मोठं आहे, असंही जरासं वाटून गेलं.

बुवा थांबले. त्याच्याकडे वळले.

“तिचं कळलं,” ते म्हणाले. “आणि तुझा हा मऊ गळा? तू कुठं वाढलास, श्रीरंग?”