सोमीला हाक मारून लावलेली आग

चैत्रातली दुपार, दोनचा सुमार. कोसमटोल्याच्या उगवतीला, मोहाच्या रानात आग लागली. वारा गावाकडे होता. गावात अकरा घरं, सगळी गवताने शाकारलेली, आणि बाहेर जायला वाट एकच, तीही त्याच रानातून.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. तेव्हा या गावात डोलू कुमरे राहायचा. तो रान वाचवायला रान जाळायचा. मोहाचं रान आणि गाव यांच्यामधल्या गवताचा लांब पट्टा तो दर माघात जाळून ठेवायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आला तर त्याला पुढे खायला काही मिळत नसे. सकाळी तो सागाचं पडलेलं पान मुठीत मोडायचा. पान लवलं तर आग धरणार नाही. कडकड वाजलं तर आग आवरणार नाही. आवाज न करता मोडलं, तर तोच दिवस. असं म्हणतात, की त्याच्या मुठीत पान खोटं बोलत नसे.

काडी लावण्याआधी तो काठी आपटत पट्टाभर फिरायचा. "चला जी पाव्हणे, उठा, बाजूला व्हा," म्हणत ससे, तितर उठवायचा. मागून ओल्या डहाळ्या घेऊन बाया चालायच्या, आग कडेने झोडपून आवरायला. त्या म्हणायच्या, "सासऱ्याले तरी एवढ्या मानानं उठवलं का कधी, डोलूभाऊ?"

"सासरा पळत नाई ना माय," डोलू म्हणायचा.

मग एका माघात जंगलखात्याचा नवा साहेब आला. रान त्याला नकाशावर माहीत होतं. त्याने डोलूला जळत्या पट्ट्याच्या पहिल्याच टोकाला धरलं.

"साहेब, आज थोडं मी जाळतो, मंग चैत्रात सगळं जळत नाई. हे पान तरी पाहा ना जी."

साहेबाने पान हातात घेतलं नाही. रान जाळण्याच्या गुन्ह्यावरून डोलूला तालुक्याच्या कोठडीत घातलं आणि दुसऱ्या कुणी पट्टा जाळू नये म्हणून गावाच्या वाटेवर शिपाई बसवला. माघ गेला, फाल्गुन गेला. पट्टा तसाच उभा राहिला, कमरेएवढा, वाळलेला.

डोलूची एकुलती एक लेक सोमी. मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करायची, म्हणजे फुलं वेचता येतात, ही तिथली रीत. त्या चैत्रातल्या दुपारी सोमीनेही तेच केलं, आणि आग निसटली. आग निसटलीच तर पुढे बाचा जळका पट्टा आहे, हा भरवसा तिच्या हातात इतका मुरला होता, की यंदा पट्टा नाही हे त्या हातांना आठवलंच नाही.

डोलू त्याच दिवशी सुटला होता आणि आग लागायच्या जरा आधीच रानातल्या वाटेने गावाच्या कडेला पोचला होता. समोरून वणवा येत होता. आता उपाय एकच होता. गावाकडून उलटी आग लावायची आणि दोन्ही आगी रानात भिडवायच्या.

कुणीतरी म्हणालं, "डोलूभाऊ, सोमी आतच हाय."

डोलू पट्ट्याच्या कडेला उभा राहिला. त्याने तीन हाका मारल्या, "सोमे, ऊठ माय, बाजूला हो." उत्तर आलं नाही. त्याच्यामागे अकरा घरांतली लेकरं रडत होती. त्याने काडी लावली.

असं म्हणतात, की मग तो स्वतःच आगीच्या पुढे चालू लागला आणि आग पाळलेल्या जनावरासारखी त्याच्या मागे गेली. दोन्ही आगी भिडल्या तेव्हा वारा थांबला. गाव वाचलं. बाप-लेक कुणीच परतलं नाही. पहिल्या पावसाआधीच राखेत दोन माणसांच्या पावलांच्या ठशांवर हिरवं गवत उगवलं, असं म्हणतात.

आजही माघात कोसमटोल्याचे लोक सागाचं पान मोडून पाहतात आणि पट्टा जाळतात. आधी ससे, तितर उठवतात. मग सोमीला तीन हाका मारतात. उत्तराची वाट बघत सगळे गप्प उभे राहतात, आणि मगच काडी ओढतात.

पट्टा विझला की गाव जंगलखात्याच्या कचेरीला दरवर्षी एकच अर्ज देतं: त्या माघात डोलू कुमरेला कुणाच्या हुकमाने कोंडलं होतं? एकाही अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही.