फळीवरचं घड्याळ

कोल्हापुरात शिवणकाम करणाऱ्या कालिंदीला आत्याकडून वारशात एक जुनं, टोले देणारं टेबल-घड्याळ मिळालं. ते विकून नवं शिलाई मशीन घ्यावं म्हणून ती श्रीपादशेठ कोरगावकरांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली. शेठजी मोठे जाणकार, पण त्याहून मोठा त्यांचा तोरा.

त्यांनी घड्याळाकडे धड पाहिलंही नाही. "नक्कल आहे. पाचशे देतो, तेही तुमच्याकडे बघून."

कालिंदीचं लक्ष मागच्या फळीवर गेलं. तिथे अगदी तस्संच घड्याळ होतं! शेठजी पैसे आणायला आत वळले, तशी तिने पटकन दोन्ही घड्याळांची अदलाबदल केली.

ते परतताच तिने विचारलं, "शेठजी, मग ते फळीवरचं कसलं?"

"अहो, ते अस्सल जर्मन!" शेठजींनी त्यावरून मायेने हात फिरवला. "लाकडाची झळाळी बघा, हे आकडे बघा! ऐंशी हजारांच्या खाली मिळायचं नाही. आणि टेबलावरचं ते तुमचं? निव्वळ भंगार!"

"शेठजी, तुम्ही हात फिरवताय ते माझं आहे," कालिंदी म्हणाली. "टेबलावरचं तुमचं. ते भंगार मी पाचशेला घेते, बांधून द्या!"

शेठजींनी घाईघाईने फळीवरचं घड्याळ उलटं केलं. तळाशी आत्याचं नाव कोरलेलं होतं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "ताई, तुमच्या घड्याळाचे किती देऊ?"

"किंमत तुम्हीच आत्ता सांगितलीत की!"

शेठजींनी निमूटपणे चेकबुक काढलं.