शाल्मलीचा आकडा

"आणि कुणी किती कामं केली, हे सारं मोजायला तुला सांगितलं कुणी?" यासीनचाचांनी विचारलं.

"मीच ठरवलं. टीम कशी चालते, ते आकड्यांवरूनच कळतं," हर्षद म्हणाला.

मिरजेत चाचांच्या तंबोऱ्यांच्या दुकानात हर्षद दोन वर्षं तारा चढवायला शिकला होता. पुढे इंजिनिअर झाला. आता पुण्यात नऊ जणांच्या सॉफ्टवेअर टीमचा प्रमुख होता. डोक्यात थोडी हवा शिरली होती, आणि ती त्याला शोभत नव्हती. पण गावी आला की चाचांच्या पाया पडल्याशिवाय परतायचा नाही, एवढं खरं.

"संध्याकाळपर्यंत एक नाव वर कळवायचंय. कामावरून कमी करायला. कळवणारच."

"कुणाचं?"

"शाल्मलीचं. सहा महिन्यांत सगळ्यांत कमी कामं तिची."

"मग दिवसभर करते काय?"

"दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासते. कुणी अडलं, की खुर्ची ओढून त्याच्या शेजारी. लष्कराच्या भाकऱ्या भाजते, झालं!"

चाचांनी नुकताच जुळवलेला तंबोरा त्याच्याकडे सरकवला.

"छेड."

दुकान भरून गेलं.

चाचांनी घोडीवर तारांखाली सरकवलेले चारही दोरे ओढून काढले. साधे, सुती, बोटभर.

"छेड."

तारा त्याच, हात तोच. पण गुंजन गेलं. तारा नुसत्याच टणटणल्या.





मग हर्षदने लॅपटॉप उघडला. मार्चमध्ये शाल्मली भावाच्या लग्नासाठी दोन आठवडे रजेवर होती. त्या दोन आठवड्यांत उरलेल्या आठही जणांचे आकडे खाली आले होते. तेव्हा त्याने त्या आठही जणांना झापलं होतं.

त्याला लाज वाटली.

"तिचं नाव नाही कळवणार, चाचा. काही झालं तरी नाही."

"हं."

"पण एक तर कळवावंच लागेल. वरून हुकूम आहे... मग कुणाचं कळवू?"

चाचांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदाच पडद्याकडे पाहिलं. बोट ठेवत नऊही नावं सावकाश वाचली. पुन्हा वरपासून वाचली.

"यात तुझं कुठाय?"