सत्तावीस सोटे

"मग त्या बायका नव्हत्याच म्हणायचं का, बाई?"

वृषाली पाटोळेनं लॅपटॉप ओसरीवर जवळजवळ आपटलाच.

अत्तारबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. उंबरठाणच्या वाचनालयात बत्तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, आता रिटायर. शाळा मॅट्रिकपर्यंतच. पण गावात कुणी शिकणारं अडलं, की शेवटी याच ओसरीवर येऊन टेकतं, हे अख्ख्या आळीला ठाऊक.

वृषालीला यायचं नव्हतं. आईनं ढकललं म्हणून आली होती.

"कुठल्या बायका गं?"

"कांडपिणी. घरोघरचा भात कांडून पोट भरायच्या त्या. चौतीस साली गावात पहिली गिरणी आली, तेव्हा तिच्या दारात जाऊन बसल्या. तीन दिवस भाताची एक गाडी आत जाऊ दिली नाही. माझी पणजी होती त्यांच्यात."

"मग होत्या की."

"असं चालत नाही, बाई! पीएचडी आहे ही. पुरावा लागतो. पणजी गेली, आणि मागं राहिलंय काय, तर परड्यातलं उखळ. कोंबड्या पाणी पितात त्यात. मुसळाचाही पत्ता नाही."

बाईंनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

"उद्या अकराला समितीपुढं उभं राहायचंय. सर म्हणतात, विषय बदल. गिरणीमालकावर लिही, त्याचं चरित्र आहे, फोटो आहेत, सत्काराची भाषणं आहेत. बायकांचं काहीच नाही."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी नाही लिहिणार त्याच्यावर." वृषालीचा आवाज चढला. "पीएचडी गेली तरी चालेल."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"बरं. शोधलंस कुठं?"

इथं वृषाली जरा ताठ बसली. "एकशे चाळीस वेबसाइट. सगळ्यांची यादी केलीय. विद्यापीठाचा पासवर्ड आहे माझ्याकडे, परदेशातली मासिकंसुद्धा उघडतात. तुमच्या कपाटांत होतं का एवढं?"

"कुठलं गं! आमच्या कपाटांत झुरळं होती."

वृषालीनं यादीची फाईल उघडून त्यांच्यापुढं धरली.

"काय टाकून शोधलंस?"

"कांडपिणींचा सत्याग्रह. महिला कामगार. स्त्रियांचा प्रतिकार. मराठीत, इंग्रजीत, सगळ्या तऱ्हांनी."

बाईंनी सूप तिच्यापुढं सरकवलं. "निवड."

"बाई, मला वेळ नाही..."

"निवड म्हणते ना."

वृषालीनं रागारागानं सूप ओढलं. बोटं तांदळातून फिरायला लागली.

"काय शोधतेस?"

"खडे. आणखी काय?"

"तांदळाचा दाणा नाही उचललास एकही?"

"तांदळाचा दाणा कशाला उचलू? तो काय दाताखाली..."

वृषालीचं बोट सुपातच थांबलं.

समोरच्या घरी कुणीतरी बादली विहिरीत सोडत होतं, तेवढाच आवाज.

"दाताखाली येतं तेवढंच कुणी उचलतं, नोंदवतं. त्या बायका खड्यासारख्या होत्या," वृषाली हळूच म्हणाली.

"कुणाच्या दाताखाली आल्या?"

"गिरणीमालकाच्या."

"मग तो काय गप्प बसला असेल?"

"पोलिसांत गेला असेल."

"आणि तू एवढे दिवस बायकांच्या दारात बसलीस होय! फौजदाराच्या दारात जा की. जुने जिल्ह्याचे अहवाल कुणीकुणी स्कॅन करून ठेवलेत, फुकट. पासवर्डही लागत नाही."

वृषालीनं लॅपटॉप उघडला. चौतीस सालचा पोलीस अहवाल तिसऱ्या ठिकाणी सापडला. तिनं गावाचं नाव टाकलं.

"बघा. शून्य."

"यंत्राला ती जुनी छपाई वाचता येत नसेल. तुला येते ना? पानं उलट."

"दोनशे बारा पानं आहेत!"

"मला बत्तीस वर्षं होती."

उलटायला लागली बिचारी. खून, दरोडे, गुरांची चोरी. बाईंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. तांदूळ निवडून झाले, डब्यात गेले. उन्हं ओसरीवरून उतरून अंगणात गेली, तिथून कुंपणावर चढली.

पान एकशे सत्त्याण्णव. जप्त केलेल्या हत्यारांचा तक्ता.

तलवारी, दोन. भाला, एक. त्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. वृषालीनं ती मोठ्यानं मराठीत करून वाचली.

"उंबरठाण, भाताच्या गिरणीसमोर. लाकडी सोटे, सुमारे साडेचार फुटी, टोकाला लोखंडी कडं... सत्तावीस."

तिनं पुन्हा वाचलं.

"बाई... हे सोटे नाहीत."

"हूं."

"हे कारकुनाला काय कळणार! साडेचार फुटी, टोकाला कडं..." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "आमच्या उखळाचं मुसळ यात आहे, बाई. यातलं एक आमचं आहे."

अत्तारबाईंनी सूप उलटं करून झटकलं आणि भिंतीच्या खुंटीला लावलं.

वृषालीनं डोळे पुसले. तो पान नंबर, ते साल, वेबसाइटचा पत्ता, सगळं वहीत उतरवून घेतलं. उठली. पायरी उतरली... आणि तिथंच थबकली.

"पण सर काय म्हणणार, मला आत्ताच ऐकू येतंय. यात बाईचा उल्लेख कुठं आहे? एक नाव नाही. बाई हा शब्दसुद्धा नाही. तक्त्यात नुसती सत्तावीस लाकडं."

"असं म्हणतील?"

"नक्की म्हणतील."

अत्तारबाईंनी गार झालेला चहा तिच्या हातात दिला.

"मग सगळ्या समितीसमोर विचार त्यांना, ती सत्तावीस मुसळं गिरणीपर्यंत आपली आपण चालत गेली होती का?"