परखी कुठं खुपसायची

“मग आज नकार कळवून टाकू ना, बाबा?”

विचारणारे सांबप्पा, उदगीरचे तुरीचे आडते. तीस वर्षं तूर पारखली आणि माणसं त्याहून जास्त, असं ते स्वतःच सांगत. त्यांची लेक महानंदा हिनं निलंग्याचा एक गुरांचा डॉक्टर आपणहून पसंत केला होता. ‘चौकशी करतो, मग बोलू,’ असा शब्द सांबप्पांनी तिला दिला होता.

चौकशी झाली होती. आता टेकडीवरच्या हुसेनशा फकिरानं मान हलवायची तेवढी बाकी होती. व्यापारी माणूस सल्ला विचारायला निघतो ना, तेव्हा सौदा बहुधा ठरलेला असतो. त्याला फक्त साक्षीदार हवा असतो.

“काय कळलं निलंग्यात?” हुसेनशांनी विचारलं.

“शेजारी म्हणाले, सोन्यासारखा पोरगा.”

“मग?”

“आठ घरं फिरलो. आठही घरांत सोन्यासारखा. एका शब्दाचा फरक नाही. पढवल्याशिवाय असं होतं का, बाबा?”

“आणखी?”

“चहावाला म्हणाला, कमी बोलतो. आता कमी बोलणारा माणूस म्हणजे झाकलेली विहीर. आत काय आहे, कुणी बघितलंय?”

“वाईट कुणी बोललं का?”

“एक जण. म्हणाला, तापट आहे. अख्ख्या निलंग्यात तेवढा एकच खरं बोलणारा भेटला.”

“कोण तो?”

“त्याची म्हैस दगावली पोराच्या हातून… म्हणजे, आधीच मरणाला टेकली होती म्हणा.”

हुसेनशा दाढीवरून हात फिरवत राहिले.

“पोराला भेटलास?”

“त्याला काय भेटायचं? तो स्वतःला वाईट थोडंच म्हणणार आहे.”

…

हुसेनशांनी दाराशी ठेवलेल्या पोत्याकडं बोट केलं.

“कुणीतरी लंगरासाठी तूर टाकून गेलंय. आलाच आहेस तर बघ, माल कसा आहे.”

सांबप्पांना बरं वाटलं. हा प्रांत त्यांचा. त्यांनी पिशवीतून परखी काढली. पोत्यात खुपसून नमुना काढायची ही टोकदार लोखंडी नळी आडत्याजवळ असायचीच, न्हाव्याच्या धोपटीत वस्तरा असावा तशी.

पोत्यावर वाकत त्यांनी सवयीनं विचारलं, “घ्यायचाय, का परत करायचाय?”

“त्यानं काय होतं?”

“होतं की. घ्यायचा असेल तर मधोमध खुपसायची, दाणा टपोरा येतो. परत करायचा असेल तर बुडाच्या कोपऱ्यात. माती, चुरा, सगळं तिथंच साचलेलं अस…”

परखी हवेतच राहिली.



सांबप्पांनी डोळे बारीक केले. बाजारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला डाव लगेच कळतो.

“महानंदा येऊन गेली ना तुमच्याकडं?”

“दर गुरुवारी येते. भाकरी आणते.”

“म्हणजे तुम्ही तिच्या बाजूचे.”

“आहेच. माझं मुळीच ऐकू नकोस. मी मधोमधच खुपसणार.”

सांबप्पांची पंचाईत झाली. समोरचा नाकारत असला की त्याला पेचात धरता येतं. कबूलच करणाऱ्याला कुठं धरायचं?

“पण बाबा, चुरा काही मी घातला नव्हता. तो माणूस तापट म्हणाला, हे खरं आहे.”

“पोत्यातला चुरा कधी खोटा असतो, सांबप्पा?”

…

सांबप्पा खाली बसले. धोतराच्या सोग्यानं परखी पुसू लागले. ती कोरडी होती, स्वच्छ होती. तरी पुसत राहिले.

“तिची आई गेली,” ते म्हणाले, “त्याला सहा वर्षं झाली. घरी गेल्यावर ‘आलात का’ म्हणणारं तेवढं एकच माणूस आहे.”

हुसेनशांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

“नकार द्यायचाच असेल तर दे. पण हे कारण सांगून दे.”